प्रकाशावरील जकात

छायाचित्रणाच्या इतिहासाकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याची पहिली शंभर-सव्वाशे वर्षे केवळ प्रकाशाच्या वसुलीत खर्ची पडली असे दिसून येते. निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे जे चित्र घेतले, त्यासाठी त्या छपरांना आणि सूर्यालाही कित्येक तास तिष्ठावे लागले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी पत्रे, काचा आणि फिती उत्तरोत्तर चपळ केल्या, भिंगकारांनी भिंगांची तोंडे उत्तरोत्तर रुंद केली, आणि पिढ्यानपिढ्यांच्या या खटाटोपानंतर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात उडत्या पाखराचे पीस न् पीस टिपता यावे, अशी सुबत्ता मानवजातीच्या पदरी पडली. ही सुबत्ता पदरी पडल्यावर मानवजातीने काय करावे? तर तिने काळी काच विकत घेतली.

ज्या गृहस्थाने घरच्या मंडळींची समजूत घालून आणि हप्त्यांचे ओझे शिरावर घेऊन सोळा ते पस्तीस मिलिमीटरचे, एफ २.८ इतक्या रुंद तोंडाचे वाइड-अँगल भिंग आणलेले असते, आणि त्या भिंगाच्या किमतीतील बराच मोठा हिस्सा ते अंधुक उजेडातही पाहू शकते या एका गुणापोटी मोजलेला असतो, तोच गृहस्थ महिन्या-दोन महिन्यांत त्याच भिंगाच्या तोंडावर बसविण्यासाठी, जीतून जवळजवळ काहीच दिसू नये, अशी काच शोधत बाजारात हिंडू लागतो. आणि तीही उत्तम प्रतीची, म्हणजे महागडी, हवी असा त्याचा आग्रह असतो. या विसंगतीचे मूळ पाण्यात आहे. हरिहरेश्वरच्या खडकांवर आपटणारी लाट किंवा ठोसेघरचा प्रपात डोळ्यांना जसा दिसतो तसा चित्रात आणणे हे आता खिशातल्या फोनवर कोणीही करतो. सबब तो जसा दिसत नाही तसा आणण्यात प्रतिष्ठा आली. शटर पाव सेकंद उघडे राहिले तर धबधब्याचे धागे दिसतात, दोन-एक सेकंद राहिले तर परतणाऱ्या लाटेच्या वाटा खडकांभोवती उमटतात, आणि चार मिनिटे राहिले तर समुद्र नाहीसा होऊन त्याच्या जागी धुके येते. परंतु भर दुपारच्या उन्हात, कॅमेऱ्याचा आयएसओ शंभरावर ठेवून आणि भिंगाचे तोंड एफ १६ पर्यंत आवळूनही, शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून फार काळ उघडे ठेवण्याची सोय नसते; ठेवल्यास चित्राऐवजी कोरा पांढरा कागद हाती येतो. तेथे काळ्या काचेची नेमणूक होते.

हा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, अथवा बाजारातील लाडक्या नावाने एनडी, म्हणजे प्रकाशाच्या वाटेवर बसविलेला जकात नाका होय. आलेल्या किरणाचा रंग, गाव, कूळ यांची विचारपूस न करता प्रत्येकाकडून सारख्याच दराने वसुली करावी आणि उरलेला ऐवज पुढे जाऊ द्यावा, एवढेच त्याचे कर्तव्य. मुंबईच्या वेशीवरची खरी जकात २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर उठली; ही मात्र लोक हौसेने भरतात. तिचे दर समजावून घेण्यास आजच्या शंभर पैशांच्या रुपयापेक्षा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा सोळा आण्यांचा रुपया फार सोयीचा पडतो, कारण तो रुपया आणि हा फिल्टर दोघेही निम्म्या-निम्म्याने खाली उतरतात. एक स्टॉपचा फिल्टर रुपयातील अधेली आत सोडतो, दोन स्टॉपचा पावली, तीन स्टॉपचा चवली, चार स्टॉपचा आणा, पाच स्टॉपचा अर्धा आणा, आणि सहा स्टॉपचा बरोबर एक पैसा. कारण जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट आणि सहा स्टॉपच्या फिल्टरचे नावही एनडी ६४. ज्याच्यावर आजच्या तरुण छांदिष्टांचा विशेष जीव, तो दहा स्टॉपचा फिल्टर पैशाचाही सोळावा हिस्सा आत सोडतो, ज्याचा हिशेब कवड्यांतच करावा लागेल.

असा सरळ हिशेब उपलब्ध असता कारखानदारांनी तो मोडून ठेवला आहे. एकाच अंधाराचे तीन दस्तऐवज असतात: एका डबीवर ०.९, दुसऱ्या डबीवर एनडी ८ आणि तिसऱ्या डबीवर तीन स्टॉप असे लिहिलेले असते, आणि तिन्ही डब्यांतील काळोख तंतोतंत तेवढाच असतो. पहिला आकडा लॉगॅरिदमचा आहे, त्यात दर स्टॉपला ०.३ ची भर पडते. दुसरा अपूर्णांकाचा छेद आहे. तिसरा रुपया किती वेळा निम्मा केला ते सांगतो. त्यामुळे शाळेत लॉगॅरिदमच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा मनुष्य ०.९ हा अगदीच किरकोळ समजून नाकारतो, आणि एनडी ४ घेऊन चार स्टॉपचा मिळाला या समाधानात घरी येतो. एनडी १००० चा खरा आकडा १०२४ आहे. वरचे चोवीस कारखान्याने उदारपणे माफ केले आहेत. ४०० चा म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा नऊ स्टॉपचा म्हणून विकला जातो, गणिताने तो साडेआठ आणि पावणेनऊ यांच्या दरम्यान कोठेतरी भरतो, आणि या फरकाबद्दल आजवर कोणी फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही. अंधार विकत घेणारे गिऱ्हाईक वजनमापाच्या बाबतीत सहसा चोखंदळ नसते.

मुंबईच्या फोर्टात, बोरा बाजारच्या अरुंद गल्ल्यांतून कॅमेऱ्यांची जी दुकाने आहेत, त्यांतील एखाद्याच्या काउंटरपाशी संध्याकाळी तासभर उभे राहिले असता या व्यवहाराचे यथार्थ दर्शन घडते.

"कितीचा काळा देऊ, साहेब?"

"दहा स्टॉप. एटी-टू एमएम."

"व्हेरिएबल घ्या ना. एकातच सगळं. दोनपासून चारशेपर्यंत, नुसतं गोल फिरवायचं. लग्नवाले सगळे हेच नेतात."

"लेन्स सोळा-पस्तीस आहे, शेठ."

यावर शेठजींनी काढलेली डबी काही न बोलता पुन्हा खणात ठेवली. "मग फिक्सच घ्या," ते म्हणाले. "सोळावर क्रॉस येतो. मग लोक परत आणतात, आणि मी परत घेत नाही. उगीच संबंध बिघडतात."

नंतर त्यांनी खालच्या फळीवरून एक चपटी डबी काढली, झाकण उघडले, आतला पातळ कागद बाजूला केला, आणि काचेला बोट न लावता, कडीला धरून ती आपल्या बिलबुकाच्या कोऱ्या पानावर दोन अंगुळे उंच धरली. पानावर काचेची सावली पडली. शेजारी दुसऱ्या, निम्म्या किमतीच्या फिल्टरची सावली पाडली. पहिली सावली करडी होती. दुसरी पाहताच गिऱ्हाइकाच्या पत्नीने, जिला या विषयात गती असल्याचा कोणालाही संशय नव्हता, "हिला चहाचा डाग पडलाय" असा निकाल दिला. तो बरोबर होता. खरेदीच्या प्रसंगी यापेक्षा अधिक शास्त्रीय कसोटी मला तरी पाहावयास मिळालेली नाही.

शेठजींनी ज्या क्रॉसचा उल्लेख केला त्याची कुळकथा पॅरिसपर्यंत जाते. १८०८ साली एत्येन लुई मालुस याने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळत्या सूर्याचा प्रकाश एका स्फटिकातून पाहिला, स्फटिक फिरविताच तो कमीजास्त होतो हे त्याच्या ध्यानी आले, आणि त्यातून ध्रुवीकृत प्रकाशाचा नियम निघाला. व्हेरिएबल फिल्टरात असल्या ध्रुवीकरण करणाऱ्या दोन काचा एकीवर एक बसविलेल्या असतात. एक फिरविली की अंधार वाढतो. समोरून सरळ येणाऱ्या किरणांच्या बाबतीत हा करार उत्तम पाळला जातो. परंतु तिरप्या येणाऱ्या किरणांना त्या दोन काचांमधला कोन निराळाच दिसतो, आणि दर तिरपाईनुसार पालटत गेल्याने जकातीचे प्रमाण चित्राच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे होऊन बसते. काळोख जास्तीत जास्त वाढविला की आभाळावर एक भली मोठी काळी फुली उमटते, जणू परीक्षकाने ते उत्तर चूक ठरविले आहे.

येथे या सर्व प्रकरणातील खरा आरोपी पुढे येतो, आणि तो फिल्टर नसून भिंग आहे. सोळा मिलिमीटरचे भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे १०७ अंशांचा प्रदेश पाहते. एवढे पाहण्यासाठीच ते घेतलेले असते, आणि ते दिलेल्या वचनास जागून सर्व काही पाहते: डोंगर पाहते, समुद्र पाहते, तिपाईचा पुढचा पाय पाहते, छायाचित्रकाराची लांबलेली सावली पाहते, आणि आपल्याच तोंडावर बसविलेल्या फिल्टरची कडी पाहते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला ज्या कडीचा पत्ताही लागत नाही, ती येथे चारही कोपऱ्यांत काळ्या चंद्रकोरींच्या रूपाने दाखल होते. यावर उपाय म्हणून कारखान्यांनी पातळ कडीचे फिल्टर काढले. काहींची कडी इतकी पातळ केली की तिला पुढच्या बाजूस आटेच राहिले नाहीत, परिणामी भिंगाचे टोपण तिच्यावर बसत नाही आणि ते खिशात किंवा, अधिक वेळा, हरिहरेश्वरच्या खडकांच्या फटीत राहते. कडी पितळेची असावी की ॲल्युमिनियमची, हाही एक जुना कज्जा आहे. पितळेची महाग, पण ती आट्यांत सहसा अडकून बसत नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात दोन दिवस काढून आलेल्या ॲल्युमिनियमच्या कडीशी ज्याने झटापट केली आहे तो हा वाद पुन्हा उकरून काढत नाही.

कडीचा बंदोबस्त केला तरी काच आपली जाडी सोडत नाही. मध्यभागी सरळ आत शिरणाऱ्या किरणाला काचेची जेवढी जाडी ओलांडावी लागते, त्याहून कोपऱ्यातून तिरप्या येणाऱ्या किरणाला जवळजवळ अठरा टक्के अधिक वाट काळ्या काचेतून तुडवावी लागते. तीन स्टॉपच्या काचेत हा फरक अर्ध्या स्टॉपचा, म्हणजे सोसण्याजोगा. परंतु काचेच्या अंगातच काळेपणा भिनलेल्या दहा स्टॉपच्या फिल्टरात मध्यावर दहा स्टॉप आणि अगदी कोपऱ्यात पावणेबारापर्यंत, अशी तफावत पडते. लांबून येणाऱ्याकडून अधिक जकात घ्यावी हे कोणत्याही कायद्यात बसत नाही, पण निसर्गाच्या दफ्तरी ही वहिवाट पक्की आहे.

काही भिंगांनी तर फिल्टरला दारातच मनाई केली आहे. निकॉनने २००७ साली काढलेल्या चौदा ते चोवीस मिलिमीटरच्या भिंगाची पुढची काच इतकी फुगीर आहे की तिच्यापुढे आटे पाडण्यास जागाच उरली नाही. त्यासाठी दीडशे मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी काचा आणि त्या पेलणारी एक अवजड चौकट घ्यावी लागते, आणि तो सर्व मुद्देमाल अंगावर घेऊन गड चढणारा मनुष्य छायाचित्रकार आहे की खिडक्या बसविणारा कारागीर, याबद्दल वाटेतले गावकरी शेवटपर्यंत साशंक राहतात.

चौकोनी काचांचा विषय निघालाच आहे, तर ग्रॅज्युएटेड म्हणून जो प्रकार आहे त्याचीही कैफियत ऐकून घेणे न्यायाचे होईल. ही काच वरच्या अर्ध्यात काळी आणि खालच्या अर्ध्यात निर्मळ असते. आभाळावर जकात, जमिनीला माफी. गरज जुनीच आहे. १८५० नंतरच्या दशकात गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराला समुद्राबरोबर आभाळ एकाच काचेवर उतरविता येईना, तेव्हा त्याने समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन दोघांचा एकाच कागदावर विवाह लावला, आणि लोकांनी त्या चित्रांचे अपार कौतुक केले. पुढे गेलन रोवेल या अमेरिकन गिर्यारोहक छायाचित्रकाराने असल्या अर्ध्या काळ्या काचांना डोंगरांत प्रतिष्ठा मिळवून दिली. या काचांचे कडक आणि मऊ असे दोन पोटभेद. कडक काचेतला काळेपणा एका रेषेवर थांबतो. मऊ काचेत तो हळूहळू विरत जातो. हर्णैच्या किनाऱ्यावर, जेथे क्षितिज पट्टीने आखलेले असते, तेथे कडक काच शोभते. तीच काच नाणेघाटात नेऊन जीवधनशेजारच्या वानरलिंगीच्या सुळक्यावर धरली, तर सुळक्याचे धड उन्हात आणि मस्तक काजळीत अशी अवस्था होते. सह्याद्रीत सरळ क्षितिज मिळणे दुर्मीळ असल्याने तेथे मऊ काचच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दुकानात कडक काच अधिक काळी दिसते आणि म्हणून तीच अधिक खपते.

रंगाच्या बाबतीत जकात नाक्यावरचे कारकून पूर्णपणे निर्दोष असतात, असे म्हणवत नाही. दृश्य प्रकाशाला दहा स्टॉपपर्यंत अडविणारी काच अवरक्त किरणांना पुष्कळदा सलाम करून सोडते. सेन्सरला त्यांची थोडीफार चाहूल लागते, आणि मग काळी छत्री तपकिरी दिसते. काही काचा लालसर झुकतात, काही निळसर. पुढे संगणकावर हा कल बराचसा दुरुस्त करता येतो, म्हणून दुकानदार त्याला दोष मानत नाहीत आणि गिऱ्हाईक त्याला शैली मानते.

प्रत्यक्ष वापराचा विधी थोडक्यात असा की दहा स्टॉपची काच चढविल्यावर दिसण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून चौकट ठरविणे आणि फोकस साधणे ही कामे आधीच उरकून, फोकस हाती ठेवून, मग काच लावावयाची, जुन्या आरशाच्या कॅमेऱ्याचे मागचे भोक झाकावयाचे, शटर उघडावयाचे आणि हात बांधून उभे राहावयाचे. या उभे राहण्यातच खरी मौज आहे. माझ्या एका स्नेह्यांनी दिवेलागणीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरच्या पदपथावरून घेण्याचे ठरविले. काचेशिवाय पाव सेकंद पुरत होता. दहा स्टॉप लावताच त्याची चार मिनिटे सोळा सेकंद झाली. शटर उघडून अर्धे मिनिट होते न होते तोच एक हवालदार येऊन कॅमेऱ्याच्या उजव्या हातास, तीन पावलांवर, पुढ्यात उभे राहिले.

"परवानगी आहे का ह्या स्टँडची?"

"साहेब, फक्त चार मिनिटं. हात लावला तर हलेल."

"चार मिनिटं कशाला? बटण दाबलं की झालं ना."

"दाबलंय. चालू आहे."

"काय चालू आहे? काहीच तर होत नाही."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. काहीच होत नव्हते, आणि ते काहीच न होणे पाहत ते साडेतीन मिनिटे एका जागी खिळून राहिले. शटर मिटले, तरी कॅमेरा मोकळा होईना. कारण लांब चित्रातील ठिपके काढण्यासाठी तो तेवढाच वेळ डोळे मिटून एक काळे चित्र घेत असतो. "आता काय?" असे हवालदारांनी विचारले, तेव्हा स्नेह्यांनी प्रामाणिकपणे "आता तो अंधाराचा फोटो काढतोय" असे उत्तर दिले, आणि त्यानंतर त्यांची तिपाई मिटविण्यात आली. घरी येऊन चित्र पाहिले, तेव्हा लोकलकडे धावणारी सारी गर्दी नाहीशी झालेली होती, टॅक्सी आणि बसगाड्या यांच्या दिव्यांच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्या निर्मनुष्य महानगरात उजव्या कोपऱ्याशी एक मनुष्य उरला होता: पॉलिश केलेले बूट, इस्त्रीची खाकी पँट आणि कमरेचा पट्टा अगदी स्पष्ट, त्याच्या वर मान आणि हात मात्र सततच्या चौकशीमुळे विरून गेलेले. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्ल या वाहत्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हाही गाड्याघोडे आणि माणसे सारी पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ काय तो इतिहासात राहिला. दोन्ही प्रसंगी बुटांचे भाग्य उदयास आले.

माझे मत कोणी विचारलेले नाही. तरी वाइड भिंगासाठी एकच काच घ्यावयाची असेल तर ती सहा स्टॉपची, ठराविक अंधाराची घ्यावी, असे मी सांगेन. भर दुपारी ती धबधब्याला अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक देते, संध्याकाळी लाटेला मिनिटाच्या आत-बाहेर देते, तिच्यातून थोडेफार दिसतेही, आणि कोपऱ्यांत तिची दंडेली एका स्टॉपच्या आसपास आटोपते. काच नकोच असेल तर तीही सोय निघाली आहे: ऑलिंपसने २०१९ च्या ई-एम१एक्स कॅमेऱ्यात अनेक चित्रे एकत्र मिसळून पाच स्टॉपपर्यंत एनडीचा परिणाम साधण्याची युक्ती बसविली. परंतु खऱ्या शौकिनाचे तेवढ्याने समाधान होत नाही. त्यात काच नाही, डबी नाही, पातळ कागद नाही आणि बोरा बाजार नाही.

तो दहा स्टॉपच घेतो. कडी कोपऱ्यांत येते म्हणून ब्याऐंशीच्या भिंगावर पंचाण्णवचा फिल्टर घेतो आणि मधे जोडकडी बसवितो. जोडकडीमुळे भिंगाची मूळची छत्री बसत नाही. छत्री नसल्याने तिरपे ऊन त्या मोठ्या काचेवर पडून चित्रात प्रकाशाचे गोळे नाचू लागतात. ते टाळण्यासाठी पत्नीस खरी छत्री घेऊन बाजूला उभे केले जाते. आणि १०७ अंश पाहणाऱ्या त्या भिंगाला छत्रीची काडी आणि धरणारा हात दोन्ही दिसतात. रात्री संगणकावर बसून तो प्रथम छत्री कापतो, मग तिच्या समोरची बाजू समतोलासाठी कापतो, मग काळवंडलेले चारही कोपरे कापतो, आणि उरलेल्या चित्राचा आवाका मोजून पाहता तो बरोबर चोवीस मिलिमीटरच्या भिंगाइतका भरतो. आणि ते भिंग त्याच्या कपाटात पूर्वीपासून आहे.